ओहोटीला काउंटर सोडता येत नाही

समुद्रातले खडक बघायला माणसं कुठून कुठून यायची. ज्या बाईच्या हातून बूट घेऊन ती खाली उतरायची, त्या बाईनं मात्र ते खडक एकदाही जवळून पाहिले नव्हते. हे कुणाला सांगितलं तर पटायचं नाही. "अगदी एकदाही नाही?" "एकदाही नाही." लोक हळहळायचे, बूट चढवायचे आणि जिना उतरून जायचे. हळहळायला कुठे तिकीट लागतं!

त्या किनाऱ्यावरचं पाणी अतिरेकी स्वभावाचं. भरती आली की चार मजली घर बुडेल इतकं चढायचं, आणि ओहोटी लागली की असं मागे सरायचं की समुद्राचा तळ उघडा पडून त्यावर माणसं फिरायला जायची. कड्यापासून सुटून एकेकटे उभे राहिलेले ते उंच खडक पाण्यानं खालून खाऊन खाऊन बारीक केलेले, वर मात्र रुंद, आणि डोक्यावर झाडं. भरतीत नुसती डोकी दिसत, छोट्या बेटांसारखी. ओहोटीत त्यांच्या पायाशी उभं राहून वर बघावं तर मान अवघडायची. खडकांवर शेवाळाचा काळा पट्टा माणसाच्या उंचीच्या कितीतरी वरपर्यंत गेलेला असे. तो पट्टा बघितला की चांगला धीट माणूससुद्धा एकदा मागे वळून समुद्र कुठे आहे ते बघून घेई.

कड्यावरून खाली जायला लोखंडी जिना होता आणि जिन्याच्या वरच्या टोकाला बुटांचं काउंटर. लाकडी फळ्यांवर नंबरवार मांडलेले रबरी बूट, आत शिंपडायच्या पावडरचा वास, बाहेर चिखल धुवायला नळी आणि दांड्याचा ब्रश. काउंटरचं तोंड गाड्या उभ्या करायच्या जागेकडे आणि पाठ समुद्राकडे. ज्यानं ते बांधलं त्याला काउंटरवरच्या माणसाला दोन डोळे असतात हे बहुधा कुणी सांगितलं नव्हतं.

तिथं बसायची ती बूटमावशी. पगाराच्या पावतीवर तिचं खरं नाव असायचं, पण ते वाचून तिलाच क्षणभर हे कुणाचं असं व्हायचं. आलेल्या माणसाच्या पायाकडे नुसती नजर टाकून ती फळीवरचा बूट काढायची. परत आलेले बूट हातात घेतले की कोण कुठवर जाऊन आलं ते तिला कळायचं. जिन्याजवळचा चिखल तांबडा होता. पार टोकाला, पाण्यालगत गेलं की तो राखाडी व्हायचा. राखाडी चिखलाचे बूट क्वचित यायचे. ते घेऊन येणाऱ्याला ती मुद्दाम विचारायची, "कसं वाटलं?" लोक म्हणायचे, "छान. फोटोत नाही येत हो ते." एवढ्यावर तिला भागवून घ्यावं लागायचं.

तिचा नवरा खाली कामाला होता. त्याला सगळे चलाकाका म्हणत. ओहोटी संपून पाणी फिरलं की त्यांनी पार टोकाच्या खडकापर्यंत जायचं आणि तिथून एकेका माणसाला पुढे घालत जिन्यापर्यंत आणायचं. "चला, चला. पाणी फिरलं. उरलेले दगड उद्या बघा, कुठे जात नाहीत ते." कधी ओरडले नाहीत, कधी कुणाच्या अंगाला हात लावला नाही. घाबरलेला माणूस धावतो आणि धावणारा माणूस चिखलात पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळे वर चढले की शेवटी ते चढायचे, जिन्याला साखळी लावायचे, आणि आपले बूट काउंटरवर ठेवून बायकोला म्हणायचे, "आज दार उघडं होतं, काउंटर. एकदा नेईन तुला."

बायकोला ते काउंटर म्हणायचे. घरी, दारी, आजारपणात, भांडणातसुद्धा. "ए काउंटर, माझा मोजा कुठे गेला?" लग्न ठरलं तेव्हा ती तिथं बसत होती आणि तेव्हापासून तेच चिकटलं.

दार म्हणजे टोकाचा खडक. त्याच्या पोटातून आरपार वाट पडली होती, कमरेत वाकावं लागू नये इतकी उंच. एरवी ओहोटीतही तिथं कमरेएवढं पाणी असायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण आलं की पाणी जितकं जास्त चढायचं तितकंच जास्त लांब जायचं, आणि तेव्हाच दार कोरडं पडायचं. चलाकाकांचं ठाम मत असं की बघायचं तर दारापासून बघायचं. "बाकीचं काय बघायचंय? दगडच आहेत."

आणि ती म्हणायची, "न्याल, न्याल. मी मेल्यावर."

ते हसायचे. हे रोजचं होतं. दार कोरडं नसेल त्या दिवशीही तेच बोलणं, फक्त "आज दार बंद होतं" एवढा फरक.

आता कुणी म्हणेल, एवढं नवरा-बायको दोघं तिथंच कामाला, मग अडलं कुठे? अडलं ते असं की दात होते तेव्हा चणे नव्हते आणि चणे होते तेव्हा दात नव्हते. पाणी ओसरलं की काउंटर उघडायचं आणि पाणी चढलं की बंद व्हायचं. ती मोकळी झाली की खाली समुद्र. सुटी मिळायची ती ओहोटी अंधारात पडायची त्या दिवशी, आणि अंधारात खाली उतरायला खुद्द साहेबांनाही बंदी होती. रजा होत्या, नाही असं नाही. पण रजा म्हणजे मुलीचा ताप, सासूचं दुखणं, घरातला नळ गळतोय म्हणून दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसणं. आणि उधाणाच्या दिवशी तर सगळ्यात जास्त गर्दी. त्या दिवशी रजा मागायला गेलं की साहेब अशा नजरेनं बघायचे की मागणाऱ्यालाच आपण काही चोरायला आलो की काय असं वाटावं. तीस-एक वर्षं अशी गेली. दोघांनी ठरवलं होतं, काका सेवेतून सुटले की पहिल्याच उधाणाला जायचं. तेव्हा काउंटरवर दुसरं कुणी बसलं तर बसलं, नाहीतर लोक जातील अनवाणी.

काका सुटले, पण तसे नाहीत. एक दिवस पाणी अजून मागे जात होतं आणि त्यांनी लोकांना वर आणायला सुरुवात केली. शांतपणे, नेहमीसारखं, एकेकाला पुढे घालून. लोक वर येऊन पैसे परत मागायला लागले. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा ते टोकाला उभे राहिले आणि पाणी खरंच फिरलं तरी त्यांना आठवेना की आता काय करायचं असतं. खडक बघायला आलेल्या एका बाईनंच त्यांना हाताला धरून वर आणलं. ऑफिसनं छोटासा निरोप समारंभ केला आणि भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला वेळ कळेनाशी झाली त्याला घड्याळ! बूटमावशीनं ते घरी नेऊन कपाटावर उलटं ठेवलं आणि आठवड्याभरात स्वतःही काम सोडलं, कारण त्यांना एकटं ठेवणं शक्यच नव्हतं.

त्यांचं घर रस्त्याच्या पातळीच्या खाली होतं. रस्त्यावरून सिमेंटच्या पायऱ्या उतरून आलं की स्वयंपाकघराचं दार, आत एक लांबट खोली, मागे झोपायची खोली. समुद्र तिथून दिसत नसे, ऐकूही येत नसे. तरी रोज भरती लागायच्या सुमाराला चलाकाका खुर्चीतून उठायचे, दरवाजा सताड उघडायचे आणि म्हणायचे, "चला, चला. पाणी फिरलं."

पहिल्यांदा ती म्हणाली, "अहो, घर आहे हे आपलं. बसा."

"बाई, हुज्जत घालू नका. वर जाऊन हुज्जत घाला." आवाज गोड होता, पण डोळ्यांत खरी भीती होती. "बरोबर पोरं आहेत का? पर्स राहू द्या. पर्सपेक्षा जीव मोठा."

तिनं गॅस बंद केला आणि पायऱ्या चढून रस्त्यावर गेली. ते मागे राहिले, दोन्ही खोल्यांत डोकावून आले, पलंगाखाली वाकून पाहिलं, आणि कुणी राहिलं नाही याची खात्री करून शेवटी वर आले. मग रस्त्यावर उभं राहून खाली आपल्याच घराकडे बघत राहिले. थोड्या वेळानं चेहरा मोकळा झाला, काय चाललं होतं ते विसरले, आणि ती त्यांना घेऊन खाली आली.

सुरुवातीला तिला हसूही यायचं. समोरच्या शिंपीणबाईनं शिलाई मशीन खिडकीशी ओढून घेतली होती. ती दोघं वर आलेली दिसली की ती आतून स्टूल आणून द्यायची. "बसा मावशी. बुडालं का घर?" "बुडालं बाई. आता उतरेपर्यंत चहा दे." असं चालायचं. गॅसची टाकी बदलायला आलेल्या माणसाला काकांनी टाकीसकट वर आणून सोडलं, तेव्हा तर शिंपीण हसून हसून सुई हरवून बसली.

पण भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज उशिरा सरकत जाते. पहाटे येते, उकळत्या भातावर येते, अंगावर साबण असताना येते. नाही म्हटलं की ते रडायचे. म्हातारा माणूस दारात उभा राहून हात जोडून रडतोय, "बाई, ऐका हो, मी हात नाही लावू शकत तुम्हाला," हे ज्यानं पाहिलं नाही त्यानं तिला शहाणपण शिकवू नये. ती जायची. थंडीत शाल घेऊन, पावसात छत्री घेऊन जायची. पुढे पुढे त्यांचं ते आतलं गणितही चुकलं आणि पाणी दिवसातून चारदा, सहादा फिरायला लागलं. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात. शिंपीणबाईनंही हळूहळू स्टूल आणणं सोडून दिलं.

आणि या सगळ्यात ती 'बाई' होती. इतर काही नाही. तिच्या हातचं जेवायचे आणि म्हणायचे, "उगाच त्रास घेतलात." तिनं अंथरूण घातलं की संकोचून म्हणायचे, "मी खुर्चीत झोपेन, तुम्ही झोपा." चुकूनसुद्धा काउंटर म्हणाले नाहीत. तिला सगळ्यात जास्त त्याचंच लागलं. दुखणं-खुपणं, उठणं-धावणं माणूस करतो, पण कुणासाठी करतोय ते समोरच्याला माहीत असावं एवढी तरी लाच लागतेच ना?

एका पावसात पायऱ्यांवरून तिचा पाय सरकला आणि मनगट मोडलं. काका दारातून म्हणाले, "हळू बाई, ओलं आहे," आणि खाली कुणी राहिलंय का ते बघायला आत गेले. तिला शिंपीणबाईनं उचललं.

मग मुलगी आली. मुलगी दुसऱ्या गावात शाळेच्या कचेरीत कामाला होती, स्वभावानं बापासारखी मऊ, पण या वेळी ठरवूनच आली होती. "आई, अशा विसरणाऱ्या माणसांना सांभाळतात त्या संस्थेत जागा झालीय. त्यांची गाडी येईल गुरुवारी. तिथं दारं बंद असतात, माणसं असतात. तू किती दिवस असं घरातून बाहेर निघत राहणार?"

"ते घाबरतील बंद दाराला. पाणी आलं तर बाहेर कसं पडायचं म्हणतील."

"आणि तू मेलीस म्हणजे?"

तिनं प्लास्टरमधला हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते, जुन्या जागी नेऊन बघा, कधी कधी ओळख लागते."

"लागेलच असं नाही, असंही म्हणाले होते."

"बुधवारी उधाण आहे. आम्हाला तिथं सोड. एकदा, एकदाच त्यांनी मला ओळखलं, तर मी नाही पाठवणार त्यांना. पुढचं माझं मी बघेन."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर गाडी येऊ दे."

बुधवारी मुलीनं दोघांना काउंटरपाशी सोडलं आणि स्वतः गाडीजवळ थांबली. काउंटरवर आता एक तरुण पोरगी होती. मावशीला बघून ती उभीच राहिली. "मावशी, तुम्ही? खाली?"

"हो गं. आज गिऱ्हाईक आहे मी."

"कुठला नंबर देऊ?"

आणि गंमत बघा, जिनं आयुष्यभर जगाच्या पायाला बूट दिले तिला स्वतःचा नंबर सांगता येईना. पोरीनं काकांना एक जोड दिला आणि तिच्यासाठी अंदाजानं दुसरा काढला. प्लास्टरच्या हातानं तो चढेना. तेव्हा चलाकाका, इतका वेळ नुसते बावरून उभे होते ते, खाली गुडघ्यावर बसले. "पाय द्या बाई." तिचा पाय हातात घेऊन त्यांनी बूट चढवला, टाचेपाशी थोपटून नीट बसवला. "ढिला नको. चिखल बूट ओढून घेतो." लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या पायाला हात लावल्याचं तिला आठवत नव्हतं.

जिना उतरताना त्यांची पावलं बदलली. घरात खुर्चीचा हात धरून उठणारा माणूस लोखंडी पायरीवर सरळ उभा राहिला, खाली उतरून चिखल चुकवत खडीवरून चालायला लागला. जीभही मोकळी झाली. "या दोघी बघा, पाठीला पाठ लावून. पाटीवर काहीतरी भारी नाव आहे, आम्ही यांना जावाजावा म्हणतो. आणि ती वाकलेली म्हातारी. तिच्या डोक्यावरचं एक झाड मागच्या वादळात गेलं, तेव्हापासून टक्कल पडलंय."

मावशीला हे सगळं ऐकून ऐकून पाठ होतं. कोणता खडक कुठे, कुणाच्या कुशीत पाणी साचतं, कुठे पाय घसरतो. पण खडक ठिबकत असतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाणी जाऊन एवढा वेळ झाला तरी वरच्या शेवाळातून थेंब पडत होते, सगळीकडून, आणि माणसं आपोआप हळू बोलत होती. खडकाच्या बारीक झालेल्या कमरेवर तिनं आपला धड हात ठेवला. गार होता. वर एवढा डोलारा आणि खाली ही कंबर. एवढ्यावर हे सगळं उभं आहे? तिला आनंद झाला, खूप झाला, आणि त्याच वेळी असा संताप आला की काउंटरच्या त्या फळ्या उचलून समुद्रात फेकाव्यात. पाठीमागे, हाकेच्या अंतरावर हे होतं आणि ती आयुष्यभर गाड्या बघत बसली होती.

पुढे चिखल राखाडी झाला आणि दार आलं. कोरडं होतं. आत शिरल्यावर एकदम गार, पलीकडून उजेड, आणि त्या उजेडात समुद्राची एक बारीक रेघ, लांब. काका मधोमध थांबले, छताकडे बघून हसले. हा चेहरा तिनं दोन वर्षांत पाहिला नव्हता. आता ओळखतील, असं तिला वाटलं. का वाटलं ते सांगता येणार नाही. बुडत्याला काडीचा आधार.

"इथं एकदा बायकोला आणायचंय," ते म्हणाले.

तिनं विचारलं, "कुठे असते बायको?"

"वर. बुटांवर. तुम्हाला बूट दिले असतील की तिनं." ते जरा लाजून हसले. "रोज म्हणतो तिला, नेईन, नेईन. राहूनच जातंय."

"अहो," ती म्हणाली. त्यांच्या समोर गेली, उजेडाकडे तोंड करून उभी राहिली. "बघा ना माझ्याकडे. नीट बघा. मीच ती. मी काउंटर. तुम्ही आणलंत मला."

त्यांनी नीट बघितलं. टाळाटाळ केली नाही. सांगितलंय तर बघितलं पाहिजे, असं मन लावून बघितलं. मग मान हलवली. "नाही हो बाई. ती कशी येईल? ओहोटी आहे ना आत्ता. ओहोटीला तिला काउंटर सोडता येत नाही."

"रजा घेतली असेल तिनं."

"उधाणाला? आमचे साहेब देतील?" त्यांना खरंच हसू आलं. "तुम्हाला माहीत नाही."

मग तिनं सगळं काढलं. लग्नात त्यांच्या बुटाचा तळ निघाला होता आणि तिनं काउंटरचा जोड आणून दिला होता ते. मुलगी झाली तेव्हा ते चिखलाच्या पायांनी दवाखान्यात शिरले आणि नर्सनं बाहेर काढलं ते. त्यांच्या आईशी झालेलं भांडण, तीन दिवसांचा अबोला, आणि कुणी न ऐकलेल्या दोन-चार गोष्टी, ज्या बायको नवऱ्याला उजेडात सांगत नाही. काका ऐकत होते, अधूनमधून मान डोलावत होते. खाली आलेल्या माणसांची बडबड ते नेहमी अशीच ऐकून घ्यायचे.

शेवटी कौतुकानं म्हणाले, "बरंच सांगितलेलं दिसतंय तिनं तुम्हाला. बोलकीच आहे ती. गिऱ्हाईक भेटलं की बसते सांगत."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं असतं तर एक वेळ सोसलं असतं. इथं आडात होतं. बायको होती, लग्न होतं, दवाखाना होता, सगळं जागच्या जागी होतं. तेवढी तिला त्यात बसायला जागा नव्हती. ती तिथं, त्या दारात, पहिल्यांदा हुंदके देऊन रडली. काका अवघडून बाजूला झाले. पाहुण्या बाईच्या अंगाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता.

"चला, चला," ते थोड्या वेळानं म्हणाले. "पाणी फिरलं."

पाणी फिरलं नव्हतं. अजून मागेच जात होतं. काकांच्या जागी आलेला नवा माणूस शिट्टी तोंडात धरून गोंधळून बघत राहिला, पण चलाकाकांचा तो आवाज ऐकून दोन-तीन कुटुंबं मुकाट्यानं त्यांच्या पुढे चालायला लागली. मावशी त्यांच्यातच होती. वाकलेल्या म्हातारीच्या खडकापाशी तिनं मागे वळून पाहिलं. काका सगळ्यांच्या मागून येत होते, हात पसरून, कुणी सुटू नये म्हणून.

सगळ्यात शेवटी ते जिना चढले. दम लागला होता, तरी आधी साखळी लावली. नव्या माणसानं ती नंतर काढली असेल. मग बाकावर बसून बूट काढले आणि काउंटरवर ठेवले, डाव्या कोपऱ्यात, नेहमीच्या जागी. आवाज एकदम खाली आला. हा आवाज मावशीनं ओळखला. तो फक्त तिचा होता.

"आज दार उघडं होतं, काउंटर," ते त्या पोरीला म्हणाले. "एकदा नेईन तुला."

पोरगी बावचळली. तिनं मावशीकडे बघितलं, पुन्हा काकांकडे बघितलं. काका वाट बघत होते. उत्तर येईना तसा त्यांचा चेहरा उतरायला लागला, ओठ हलायला लागले. काहीतरी चुकलंय आणि काय ते कळत नाहीये, अशी ती घरातली भीती हळूहळू डोळ्यांत चढली.

मावशी त्यांच्या मागे उभी होती, चिखलाच्या बुटांत.

"न्याल, न्याल," ती म्हणाली. "मी मेल्यावर."

काका खदखदून हसले. पोरीकडे बघून हसले, अगदी तृप्त होऊन. मग मागे वळले आणि मावशीला म्हणाले, "ही अशी आहे बघा. तुम्हाला म्हटलं नव्हतं, बाई?"

"म्हटलं होतं," मावशी म्हणाली.

मुलगी गाडीजवळून धावत आली. वडिलांचं हसणं तिनं लांबून पाहिलं होतं. "आई! ओळखलं का गं?"

मावशी बाकावर बसली. मोडका हात मांडीवर घेतला, पाय पुढे केले. "बायकोला ओळखलं."

"खरंच? म्हणजे मग... मग उद्याचं काय करायचं?"

"उद्या गाडी येऊ दे. त्यांचे लोकरीचे मोजे वरच्या खणात आहेत, ते आठवणीनं घाल पिशवीत. आणि हे बूट काढ आधी, मला निघत नाहीत."

मुलीनं खाली बसून बूट ओढून काढले. त्यांना राखाडी चिखल लागला होता. काउंटरवरच्या पोरीनं ते उचलले, "कसं वाटलं, मावशी?" असं सवयीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पाण्याची नळी सोडली.